लेथ बदलताय? आधी बेडकडे बघा!

पानशेतच्या घरामागच्या शेडमधला लेथ थकला, की बाजारात दोन वाटा दिसतात. एक, टेबलावर मावणारा, चाळीसएक किलोचा नवाकोरा मिनी लेथ, तोही घरपोच. दुसरी, भोसरी-चिंचवडच्या एखाद्या वर्कशॉपमधून सीएनसीला जागा करून देण्यासाठी बाहेर काढलेला, तेलाने काळवंडलेला, साडेचार नाहीतर सहा फुटी धूड. घड्याळाचे किंवा छोट्या मॉडेल इंजिनाचे भाग करायचे असतील तर मिनी लेथ खुशाल घ्या. पण पॉवर टिलरचा बुश, पंपाची स्लीव्ह, फाटकाच्या बिजागरीची पिन असली कामं येणार असतील, तर माझं मत ठाम आहे: जुनं धूडच आणा.

सहा फुटी म्हणजे सहा फूट नव्हे

आपल्याकडे लेथ बेडच्या लांबीवर विकला जातो. हेडस्टॉक आणि टेलस्टॉक आपापली जागा खातात, त्यामुळे सहा फुटी लेथवर दोन सेंटरमध्ये साधारण तीन-सव्वातीन फुटांचाच जॉब बसतो. साडेचार फुटीवर तो दोन फुटांच्या आसपास येतो. उंचीचंही तसंच आहे. ८ इंच सेंटर म्हणजे बेडवर १६ इंच व्यास फिरेल, पण क्रॉस स्लाइडच्या वर त्यातलं बरंच कमी उरतं. मोठं फ्लॅंज किंवा फ्लायव्हील धरायचं असेल तर गॅप बेड बघा. चकाजवळचा बेडचा तुकडा काढला की वाढीव व्यासाला जागा होते. तो तुकडा मशीनसोबत मिळतोय ना, हे मात्र पैसे देण्याआधी विचारा.

सायकलच्या दुकानातून लेथपर्यंत

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली. मग कडबा कापायची यंत्रं आली, लोखंडी नांगर आला, १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लेथचा मोठा कारखाना निघाला तो तुंगभद्रेकाठी हरिहरला, १९४१ मध्ये, ‘म्हैसूर किर्लोस्कर’ या नावाने. तो कारखाना कधीच बंद पडला, पण तिथले लेथ आजही महाराष्ट्रभर फिरताहेत. आणि मनगटावरच्या घड्याळामुळे घरोघरी पोहोचलेली एचएमटी? १९५३ मध्ये तिची सुरुवात यंत्रं बनवणारा सरकारी कारखाना म्हणून झाली, सोबत होती स्वित्झर्लंडची ओर्लिकॉन कंपनी. घड्याळं नंतरची. जुन्या बाजारात या दोघांपैकी कुणाचं नाव हेडस्टॉकवर दिसलं, तर पाच मिनिटं जास्त थांबा.

उन्हापावसात मुरलेलं बीड

बेड बिडाचा का? राखाडी बिडात ग्रॅफाइटचे पापुद्रे असतात, ते थरथर शोषून घेतात. पण ओतकाम थंड होताना आत ताण अडकतो आणि तो हळूहळू सुटत गेला की बेड वाकडा होतो. म्हणून पूर्वीचे चांगले कारखाने ओतलेले बेड महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं उघड्यावर टाकून ठेवत आणि मगच मशिनिंगला घेत. आता तेच काम भट्टीत होतं. तीस-चाळीस वर्षं जुन्या बेडला जे वाकायचं होतं ते तो केव्हाच वाकून बसलाय, हा जुन्या लेथचा मोठाच फायदा.

जाडीचा हिशेबही ऐका. एका टोकाला धरलेली सळई दुप्पट लांब बाहेर काढली, तर तेवढ्याच जोरात आठपट वाकते. तीच सळई दुप्पट जाड घेतली, तर फक्त सोळावा हिस्सा वाकते. टूलला, स्पिंडलला, बेडला, सगळ्यांना हाच नियम लागू. चाळीस किलोच्या मशीनवर लोखंडाचा जाड काप घेताना जी किंचाळी उठते तिचं मूळ इथे आहे. रंग कितीही सुंदर असो, गणित बदलत नाही.

झीज कुठे लपते?

बहुतेक जॉब आखूड असतात, त्यामुळे कॅरेज सगळं आयुष्य चकाजवळच घालवतं आणि बेड तिथेच झिजतो. टेलस्टॉककडचा भाग मात्र नव्यासारखा राहतो. यावरून एक फुकटची परीक्षा करता येते. कॅरेज चकाजवळ आणा, त्याची पट्टी प्ले जाईपर्यंत आवळा आणि मग हाताने टेलस्टॉककडे सरकवत न्या. सहज गेलं, तर सौदा पुढे न्या. मधेच अडकलं, तर झीज तुमच्या हाताला कळली. नवा रंग मारलेल्या मशीनवर ही परीक्षा न चुकता करा, कारण रंग बेडवर लागत नाही. डायल इंडिकेटर सोबत न्या आणि स्पिंडलच्या तोंडाशी आत लावून फिरवा. काटा ०.०१ मिलिमीटरच्या आत हलला तर बेअरिंगची तब्येत ठीक. हँडलचा प्ले, घासलेला नट, तुटका बेल्ट यांवर भाव पाडा, पण त्यासाठी मशीन सोडू नका. ते सगळं दुरुस्त होतं. बेड दुरुस्त करायला ग्राइंडिंगचा खर्च येतो, तो मशीनच्या किमतीशी स्पर्धा करतो.

१२७ दात्यांचं चाक

हा माझा सगळ्यात आवडता किस्सा. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा झाला १९५६ मध्ये, तरी जुन्या लेथचा लीड स्क्रू बहुधा इंचीच असतो, इंचाला ४ आटे. त्यावर मिलिमीटरचे आटे कसे पाडायचे? १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याला पाचने गुणलं की १२७. ही मूळ संख्या आहे, तिचे भाग पडत नाहीत, म्हणून अचूक मेट्रिक आट्यांसाठी १२७ दात्यांचं चाकच लागतं. ते गहाळ झालं असेल तर पर्याय आहे ६३ दात्यांचा: १६० भागिले ६३ म्हणजे २.५३९७, जवळजवळ २.५४. चूक १०० मिलिमीटरला सुमारे १२ मायक्रॉन, नट-बोल्टच्या कामात ती कुणाला सापडणार नाही.

इंची स्क्रूवर मेट्रिक आटे पाडताना हाफ नट उघडायचा नाही. टूल मागे घ्यायचं आणि मोटर उलटी फिरवून परत यायचं. इथेच चकाची जोडणी महत्त्वाची ठरते. चक स्पिंडलवर आट्यांनी बसवलेला असेल, तर उलट्या दिशेच्या झटक्यात तो सैल होऊ शकतो, आणि वेगात सुटलेला वजनदार चक म्हणजे जिवाशी गाठ. कॅमलॉक पद्धतीचं तोंड असलेला लेथ मिळाला तर थोडे जास्त पैसे खुशाल मोजा.

४१५ ला १.७३२ ने भागा

घरात सिंगल फेज, मोटर थ्री फेज. नवी मोटर घेण्याआधी जुन्या मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडा. आत वायंडिंगची सहा टोकं असतील आणि मोटर ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेली असेल, तर प्रत्येक वायंडिंगला ४१५ भागिले १.७३२, म्हणजे जेमतेम २४० व्होल्टच मिळत असतात. तीच टोकं डेल्टात जोडली, की घरच्या सिंगल फेज २३० व्होल्टवरून थ्री फेज देणारा व्हीएफडी ती मोटर फिरवतो, वर वेग कमीजास्त करायची सोय मिळते ती वेगळीच. जोडणी वायरमनकडूनच करून घ्या.

वेल्ह्याचा पाऊस आणि साधा बल्ब

जून ते सप्टेंबर इथली हवा ओली असते. रात्री थंड झालेल्या बिडावर सकाळची दमट हवा लागली की दव धरतं आणि बेडवर तांबूस डाग उठतात. प्लॅस्टिकचा कागद झाकला तर ओल आत कोंडून गंज वाढतो. त्यापेक्षा ६८ नंबरच्या स्लाइडवे तेलाचा हात द्या आणि वर सुती कापड टाका. (४० अंश सेल्सिअसला त्या तेलाचा दाटपणा किती, ते हा आकडा सांगतो.) बेडखालच्या ट्रेमध्ये, कापडापासून लांब, जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब पेटता ठेवला तर लोखंड हवेपेक्षा थोडं उबदार राहतं आणि दव धरतच नाही. एलईडी इथे उपयोगाचा नाही, त्याची ऊब अगदीच कमी.

झार आणि त्याचा टर्नर

रशियाचा झार पीटर स्वतः लेथ चालवायचा. त्याच्या पदरी आंद्रेई नार्तोव नावाचा खास टर्नर होता, आणि टूल हातात न धरता स्लाइडमध्ये पकडायची युक्ती नार्तोवने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच वापरली. इंग्लंडात हेन्री मॉडस्लेचा आटे पाडणारा लेथ आला तो शतक सरता सरता. मॉडस्लेच्या टेबलावरच्या मायक्रोमीटरचं नाव होतं ‘लॉर्ड चॅन्सेलर’, कारण मापाच्या वादात त्याचा निकाल शेवटचा मानत.

आणल्यावर काय?

खडकवासला, डोणजे, खानापूर करत टेम्पो दारात आला, की लेथ शहाबादी फरशीवर ठेवू नका, ती तडकेल. खाली काँक्रीटचा जाड थर हवा. लेव्हल करायला सुताराची पाणसळ चालत नाही, मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवणारी लागते. म्हणजे एक किलोमीटर लांब पुलाचं एक टोक दोन सेंटीमीटर उचललं, तरी ती सांगेल. कुणाकडून तरी एका दिवसासाठी मागून आणा, कारण पिळलेला बेड चांगल्या लेथलाही निमुळता जॉब काढायला लावतो.

वेगासाठी एक सोपा ठोकताळा: साधं लोखंड आणि एचएसएस टूल असेल, तर १०,००० ला जॉबच्या मिलिमीटरमधल्या व्यासाने भागा. २५ मिलिमीटरच्या सळईला मिनिटाला ४०० फेरे. स्टेनलेसला निम्मे, पितळेला दुप्पट. आणि थोडे पैसे उरलेच, तर बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन फोर जॉ चक शोधा. थ्री जॉ चक पटकन धरतो, पण वाकडंतिकडं ओतकाम डायल लावून मधोमध आणायचं काम फोर जॉच करतो.