पाठीवर बिऱ्हाड घेऊन डोंगरात

पाठीवर मोठी सॅक घेतलेलं एखादं जोडपं डोंगराकडे जाताना दिसलं, की बायका एकमेकींना विचारतात, "हे रानात कशाला झोपतात? खातात काय? आणि गावाला याचा उपयोग काय?" आमच्या गटांच्या बैठकीतही हे प्रश्न निघाले. आज आम्ही त्यांची उत्तरं एका खऱ्या ठिकाणाच्या आधारे देणार आहोत.

हिमाचल प्रदेशात कुल्लू जिल्ह्यात ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान आहे. हिमबिबट्या, कस्तुरीमृग आणि जुजुराणा नावाचा रंगीत रानकोंबडा तिथे राहतात. 2014 साली त्याची नोंद युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाली. उद्यानात हॉटेल नाही, दुकान नाही आणि गाडीरस्ताही नाही. परवाना काढायचा आणि पायी जायचं. गुशैनी गावापासून तीर्थन नदीच्या काठाकाठाने चालत गेलं की रोल्ला इथे तंबू ठोकतात. पुढे चढ लागतो. एप्रिल ते जून आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हे तिथले चांगले दिवस. पावसाळ्यात दरडी कोसळतात.

जाताना जोडपं ओझं वाटून घेतं. एकाकडे तंबू, तर दुसऱ्याकडे शेगडी, भांडी आणि शिधा. झोपायची पिशवी आणि उबदार कपडे ज्याचे त्याने घ्यायचे. ओझं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावं असा साधा हिशोब आहे. म्हणजे 50 किलो वजनाच्या बाईने 10 किलोच उचलायचं. सरपणाचा आणि पाण्याचा भार वाहणाऱ्या आपणही हा हिशोब लक्षात ठेवायला हवा.

उंचीवर हवा विरळ होते. साधारण अडीच हजार मीटरच्या वर काहींचं डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. आपलं कळसूबाई 1646 मीटर आहे, म्हणून इथे तो त्रास कळत नाही. तिथे त्रास सुरू झाला की आणखी वर जायचं नाही, थांबायचं. त्रास वाढला तर लगेच खाली उतरायचं. दुसरा नियम म्हणजे बंद तंबूत शेगडी पेटवायची नाही. त्यातून वास नसलेला विषारी वायू निघतो आणि माणूस झोपेतच जातो. थंडीत दारं-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवली तर आपल्या घरातही हेच होऊ शकतं.

शौचाला पाण्यापासून साठ-सत्तर पावलं लांब जायचं, वीतभर खड्डा करायचा आणि तो बुजवायचा. प्लास्टिक आणि वापरलेले पॅड पिशवीत बांधून परत आणायचे. नदीच्या उगमाकडे घाण झाली तर ती खालच्या गावांच्या हंड्यात येते.

आता गावाचं बघू. उद्यानाच्या कडेने सुमारे 160 गावं-वाड्या आहेत. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या रानात मेंढ्या चारायचे. जडीबुटी आणि गुच्छी नावाचं महागडं अळंबं गोळा करायचे. 1999 साली उद्यानाची अंतिम अधिसूचना निघाली आणि आत जाऊन हे करणं बंद झालं. इंग्रजांच्या काळातल्या जुन्या नोंदींत ज्यांचे हक्क होते त्यांना भरपाई मिळाली. ज्यांची नोंद नव्हती पण पोट त्याच रानावर होतं, अशी बरीच घरं बाहेर राहिली. गुच्छी वेचणारी बाई कुठल्या कागदावर असणार?

पुढे तिथे महिलांचे बचत गट उभे राहिले. त्यांनी गांडूळखत केलं, जर्दाळूच्या बियांचं तेल काढलं. गावातले तरुण पाहुण्यांबरोबर वाटाडे, स्वयंपाकी, हमाल म्हणून जाऊ लागले. काही घरांत पाहुण्यांची राहायची सोय झाली. रानाचं जे उत्पन्न गेलं ते याने पूर्ण भरून आलं असं आम्ही म्हणणार नाही. पण पाठीवर सॅक घेऊन येणारा पाहुणा तंबू आणतो, तरी त्याला वाट दाखवणारा लागतो, पहिल्या आणि शेवटच्या रात्री घर लागतं, गरम जेवण लागतं. हा पैसा बाहेरच्या ठेकेदाराकडे जातो की गावात राहतो, हे गाव आधी काय ठरवतं त्यावर आहे.

आपल्याकडे भंडारदऱ्याला काजव्यांच्या दिवसांत तंबूंची रांग लागते. भाकरी थापायला बाया लागतात, पण बुकिंगचा फोन आणि बँकेचं खातं कोणाच्या नावावर असतं? राज्याचं 'आई' हे महिला पर्यटन धोरण 2023 साली आलं. महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरलेल्या मर्यादेत परत मिळायची सोय त्यात आहे. त्यासाठी मालक म्हणून बाईचं नाव कागदावर असावं लागतं. अर्ज करण्याआधी पर्यटन कार्यालयात अटी नीट विचारून घ्या.

तुमच्या गावात तंबू येत असतील तर पुढच्या बैठकीत चार गोष्टी लिहून काढा. जेवणाचा आणि वाटाड्याचा दर किती? पैसे कोणत्या खात्यात जमा होणार? कचरा परत नेतात की नाही, हे कोण बघणार? आणि पाहुण्यांच्या गर्दीमुळे आपली सरपणाची, गवताची, पाण्याची कुठली वाट बंद होते? सचिव ताईंनी ही उत्तरं ठराव वहीत नोंदवावीत आणि सगळ्या सभासदांच्या सह्या घ्याव्यात.