हार्डडिस्कचे भाग पुसले गेले तर हिशोब परत मिळतो काय?

आज बहुतेक व्यापारी बांधवांची खतावणी चोपडीत नसून दुकानातील संगणकात आहे. चोपडी भिजली तर वाळवता येते, पान फाटले तर चिकटवता येते. संगणकातला हिशोब मात्र क्षणात दिसेनासा होतो आणि मालकाला वाटते की सर्वच बुडाले. गेल्या लग्नसराईनंतर आमच्या कापडाच्या दुकानात नेमके हेच घडले. त्यावेळी जे कळले ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

आमच्या संगणकात ५०० जीबीची साधी हार्डडिस्क होती. तिचे दोन भाग केलेले होते. पहिला १५० जीबीचा 'सी', त्यात विंडोज. उरलेला 'डी', त्यात टॅलीचा हिशोब, बिले आणि उधारीच्या याद्या. संगणक फार मंद चालतो म्हणून कारागिराला बोलावले. त्याने विंडोज नव्याने चढवताना दोन्ही भाग पुसले, सबंध डिस्कचा एकच भाग केला आणि काम झाले म्हणून सांगितले. 'डी' कोठे गेला, असे विचारल्यावर त्याचा चेहरा उतरला. चूक आमचीही होती. 'डी'ला हात लावू नका, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते, आणि पेन ड्राइव्हवरील प्रत तीन महिन्यांपूर्वीची होती. सबंध लग्नसराईची उधारी त्यानंतरची!

आता भाग पुसला म्हणजे नक्की काय झाले, ते पाहू. शेताची हद्द कागदावर लिहिलेली असते, पीक मात्र जमिनीत उभे असते. कागद जळाला म्हणून पीक जळत नाही. हार्डडिस्कचेही असेच आहे. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या खणात, केवळ ६४ बाइट जागेत, चार भागांची नोंद असते : कोणता भाग कोठून सुरू होतो आणि किती लांब आहे. ही पद्धत १९८३ साली डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आली. नव्या जीपीटी पद्धतीत या नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवतात. भाग पुसणे म्हणजे ही नोंद पुसणे. फायली जेथल्या तेथे असतात, आणि प्रत्येक भागाच्या आत त्याची स्वतःची फायलींची यादीही असते.

खरा घात होतो तो नंतर. नव्या हद्दीप्रमाणे जेथे जेथे नवे लिहिले जाते तेथील जुने कायमचे जाते. विंडोज नुसती चालू ठेवली तरी ती आपल्या कामासाठी सतत काही ना काही लिहीत असते. म्हणून अशा प्रसंगी पहिले काम एकच : संगणक बंद करावा. हिशोब सापडतो का म्हणून उघडून पाहू नये, डिस्क तपासण्याची विंडोजची आज्ञा चालवू नये, आणि फाइल परत आणणारा प्रोग्राम त्याच डिस्कवर तर मुळीच उतरवू नये. 'डिस्क फॉर्मॅट करावी काय?' असा प्रश्न आला तर उत्तर 'नाही' द्यावे. डिस्क टकटक आवाज करीत असेल तर घरगुती उपाय नकोत. ती तज्ज्ञाकडेच न्यावी.

आमचे दैव असे की नव्या विंडोजने बहुतांश डिस्कच्या सुरुवातीची वीस-पंचवीस जीबी जागा खाल्ली होती, आणि 'डी' १५० जीबीच्या पुढे होता. ओळखीच्या एका जाणकाराने डिस्क काढून आपल्या लिनक्सच्या संगणकाला जोडली. आधी तितक्याच मोठ्या दुसऱ्या डिस्कवर तिची कणन्‌कण नक्कल घेतली. मूळ डिस्क कपाटात ठेवून पुढचे सर्व प्रयोग नकलेवर केले. यात एक दिवस गेला आणि नव्या डिस्कचे पैसे गेले, पण ही पायरी कोणी गाळू नये.

त्यानंतर त्याने टेस्टडिस्क हा प्रोग्राम चालवला. फ्रान्सचे क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी तो तयार केला असून तो फुकट मिळतो. हा प्रोग्राम डिस्कभर फिरून जुन्या भागांच्या खुणा शोधतो. प्रथम झटपट शोध, त्यात न सापडल्यास खोल शोध. खोल शोधात आमचा 'डी' दिसला आणि आतील फायलींची नावेही दिसली. येथे मोह होतो की जुनी नोंद लगेच पुन्हा लिहून टाकावी. पण नवा भाग जुन्यावर पसरलेला होता, म्हणून काही न लिहिता फायली तिसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. यादीच नष्ट झाली असती तर त्याच कर्त्याचा फोटोरेक प्रोग्राम होता. पण तो फायली त्यांच्या ठेवणीवरून ओळखून काढतो, मूळ नावे व फोल्डर देत नाही. फोटोंना ते चालते, अनेक फायलींवर उभ्या असलेल्या हिशोबाला सहसा चालत नाही.

हे सर्व फिरत्या तबकडीच्या डिस्कचे झाले. हल्ली बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. तेथे भाग पुसून फॉर्मॅट केला की विंडोज त्या जागा मोकळ्या झाल्याचे डिस्कला कळवते आणि डिस्क त्या रिकाम्या करते. मग आशा फार थोडी. लॅपटॉपवर बिटलॉकरचे कुलूप असेल तर ४८ अंकी किल्लीही लागते. ती आजच शोधून कागदावर उतरवून ठेवावी. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉर्मॅट करताना सर्वत्र शून्ये लिहिली जातात, तेव्हा तेथेही हात टेकावेत.

हिशोब गेला, ही सबब सरकारदरबारी चालत नाही. जीएसटी कायद्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने वह्या सांभाळाव्या लागतात, आणि नियम ५७ संगणकातील हिशोबाची रीतसर प्रत ठेवायला सांगतो.

आमचा टॅलीचा हिशोब जसाच्या तसा उघडला, उधारी पैन्‌पै जुळली. 'सी'वर डेस्कटॉपवर ठेवलेली घाऊक व्यापाऱ्यांची पत्रे आणि दरपत्रके मात्र गेली. विंडोज नेमकी त्यांच्यावरच बसली होती. ती आम्ही एकेका व्यापाऱ्याला फोन करून पुन्हा मागवली. दोघांनी त्या निमित्ताने दर वाढवून पाठवले.