फाट्यावरचा धडा

कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाटा खिचडीसाठी प्रसिद्ध आहे. परवा तेथे माझी नांदेडची बस डोळ्यांदेखत निघून गेली. मी संतापलो, छाती धडधडू लागली. मला रक्तदाबाचा विकार, आणि रागाने रक्तदाब चढतो. शेजारच्या आजींचीही तीच बस हुकली होती. त्या म्हणाल्या, "गाडी गेली तर दुसरी येईल, लेकरा. जीव गेला तर?"

मी खजील झालो. पाच मिनिटे डोळे मिटून संथ श्वास घेतला, मिनिटाला साधारण ६. धडधड निवली. मग खिचडी मागवली, लोणचे-पापड मात्र परत केले. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, हे पथ्य!

वाचकहो, गोळ्या नियमित घ्याव्यातच; पण मनाचा तोल सांभाळण्याचा सराव अशा रोजच्या प्रसंगांतूनच होतो.