कांद्याच्या मुळातून द्राक्षाच्या वेलीत

निफाड-चांदवडकडे कांद्याचं वावर आणि द्राक्षाची बाग एकाच बांधाच्या दोन बाजूंना असणं नवीन नाही. पण कांद्याच्या मुळात सापडलेला एक जिवाणू द्राक्षवेलीत शिरून तिला रोगाशी झुंजायला मदत करतो, ही गोष्ट त्या बांधावरही फारशी पोहोचलेली नाही. ती घडली दूरवर, आधी कॅनडात, मग फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात आणि शेवटी कॅलिफोर्नियात. आपल्याकडचा द्राक्ष बागायतदार ज्या अडचणीत वर्षानुवर्षं सापडलेला आहे, तिच्याशी तिचा थेट संबंध आहे. म्हणून ती सविस्तर सांगायला हवी.

कॅनडातले वनस्पतिशास्त्रज्ञ येझी नोवाक आणि त्यांचे सहकारी कांद्याच्या मुळांतल्या सूक्ष्मजीवांवर काम करत होते. मुळं बाहेरून पूर्ण निर्जंतुक केली, तरी आतून एक जिवाणू निघाला. म्हणजे तो मुळाला बाहेरून चिकटलेला नव्हता, मुळाच्या आतच राहत होता. बटाट्याच्या टिश्यू कल्चर रोपांना तो दिला तेव्हा त्यांची मुळं वाढली आणि खोडं भक्कम झाली. हे काम १९९१ मध्ये प्रसिद्ध झालं. जिवाणूला ‘पीएसजेएन’ असं सांकेतिक नाव मिळालं. सुरुवातीला त्याची गणना सुडोमोनासमध्ये झाली, २००५ मध्ये बर्खोल्डेरिया फायटोफर्मन्स असं नामकरण झालं आणि आता त्याला पॅराबर्खोल्डेरिया या वेगळ्या प्रजातीत ठेवलेलं आहे. ही नावं बदलत गेली त्यामागे एक गंभीर कारणही आहे, ते पुढे येईल.

फ्रान्समधल्या रांस विद्यापीठात एसाईद ऐत बार्का यांनी हा जिवाणू द्राक्षावर आणला. रांस म्हणजे शॅम्पेनच्या बागांच्या मधोमध वसलेलं शहर. तिथल्या बागायतदारांची मोठी डोकेदुखी म्हणजे बोट्रायटिस सिनेरिया, घड कुजवणारी करडी बुरशी. ओलसर हवेत, घड दाटीचे असतील आणि एखादा मणी फुटला, की ती घडभर पसरते. टिश्यू कल्चरच्या द्राक्षरोपांना आधी पीएसजेएन दिला, तर ही बुरशी त्यांच्यावर तितकी फोफावत नाही आणि रोपंही जोमदार वाढतात, असं या गटाला २००२ च्या सुमारास दिसलं. २००६ मध्ये त्यांनी थंडीचा प्रयोग केला. जिवाणू दिलेल्या रोपांची मुळं ४ अंश सेल्सिअसलाही न दिलेल्या रोपांच्या दहापटींहून अधिक वाढली. हे आकडे काचेच्या नळीतल्या इवल्या रोपांचे आहेत, बागेतले नाहीत, हे वाचताना विसरू नये.

मला यातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो तो जिवाणूच्या प्रवासाचा. स्टेफान कॉम्पां या तरुण संशोधकानं ऐत बार्का आणि ऑस्ट्रियाच्या अँजेला सेसिच यांच्यासोबत पीएसजेएनमध्ये हिरव्या रंगात चमकणाऱ्या प्रथिनाचा जनुक घातला. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू कुठे आहे ते थेट दिसू लागलं. शार्डोने जातीच्या रोपाच्या मुळाशी तो सोडला. आधी तो मुळाच्या पृष्ठभागावर जमला. मग पेशीभित्तिका विरघळवणारी विकरं सोडत तो आत शिरला, सालीच्या थरातून पुढे सरकला, मुळाच्या आतल्या गाळणीसारख्या थराला ओलांडून पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत पोहोचला आणि काही दिवसांतच पाण्याबरोबर वर, पेऱ्यांमध्ये आणि पानांमध्ये दिसू लागला. २००८ मध्ये याच गटानं मातीत वाढलेल्या वेलींवर हा माग काढला, तेव्हा मुळाशी दिलेला जिवाणू फुलोऱ्यापर्यंत गेलेला आढळला. संख्येनं थोडा, पण पोहोचलेला.

वेलीनं त्याला डोळे झाकून आत घेतलं, असंही नाही. तो शिरला तिथल्या काही पेशींनी आपल्या भिंती जाड केल्या, फिनॉलवर्गीय द्रव्यं साठवली. म्हणजे कोणीतरी आत आलं आहे याची नोंद वेल घेते आणि तरीही त्याला पूर्ण हाकलून देत नाही. या अर्धवट सावधपणातच पुढच्या सगळ्या परिणामाचं मूळ आहे.

वनस्पतीला आपल्यासारख्या पांढऱ्या पेशी नाहीत, रक्तातून धावून जाणारी प्रतिपिंडं नाहीत. तरी तिचा स्वतःचा बचाव असतो. रोगकारक आला की पेशी हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात, पेशीभित्तीवर कॅलोज नावाच्या पदार्थाचं लिंपण करतात, बुरशीची भित्तिका तोडणारी प्रथिनं बनवतात. द्राक्षाजवळ आणखी एक खास अस्त्र आहे: रेझव्हेराट्रॉल आणि त्याच्या जातकुळीतली द्रव्यं. रेड वाइनच्या बातम्यांमुळे रेझव्हेराट्रॉलचं नाव पुष्कळांना माहीत आहे. पण द्राक्षाच्या पानात ते बुरशीला उत्तर म्हणून तयार होतं, हे १९७६ मध्येच दाखवलं गेलं होतं. वेल ते आपल्यासाठी बनवत नाही, स्वतःच्या रक्षणासाठी बनवते.

अडचण वेळेची असते. बुरशीचा धागा पेशीत घुसल्यावर वेल जागी होते, तोवर बराच उशीर झालेला असतो. हा बचाव सतत चालू ठेवला तर तीच ताकद वाढीतून आणि घडातून कापली जाते. उपकारक जिवाणू मधला मार्ग देतो. एकदा चाहूल लागलेला राखणदार दुसऱ्या आवाजाला ताडकन उठतो, तशी जिवाणूची सवय झालेली वेल रोग आल्यावर अधिक लवकर आणि अधिक जोरानं उत्तर देते. रोग नसताना मात्र ती फारसं काही खर्च करत नाही. २०१६ मध्ये रांसच्या गटानं बोट्रायटिसवर जे दाखवलं त्यात दोन्ही गोष्टी होत्या. पीएसजेएन बुरशीच्या धाग्यांभोवती थर करून तिची वाढ थेट रोखत होता. शिवाय मुळाशी जिवाणू दिलेल्या वेलींच्या पानांत, बुरशी आल्यावर, कॅलोज, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि बचावाच्या जनुकांचं काम अधिक जोमानं सुरू होत होतं.

मुळाशी जिवाणू आणि पानात प्रतिकार, ही कल्पना द्राक्षाच्या आधीची आहे. १९९१ मध्ये नेदरलँड्समध्ये कार्नेशनच्या मर रोगावर आणि अमेरिकेत काकडीवर स्वतंत्रपणे ती सिद्ध झाली. पण द्राक्षाला तिची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. केवडा, म्हणजे डाऊनी, हा मुळात उत्तर अमेरिकेतला रोग. युरोपच्या वेलीची त्याच्याशी ओळखच नव्हती. १८७८ मध्ये तो फ्रान्समध्ये पोहोचला आणि १८८५ मध्ये अलेक्सिस मिलार्दे यांनी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण जगापुढे ठेवलं. तेव्हापासून द्राक्षशेती म्हणजे फवारणीची शेती झाली. त्यातलं तांबं मातीत साठत राहतं, ते नाहीसं होत नाही. म्हणूनच युरोपीय संघानं सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे.

कॅलिफोर्नियातलं प्रकरण अधिक बिकट होतं, कारण तिथल्या रोगावर फवारणीच नाही. १८८०च्या दशकात लॉस एंजेलिसजवळ अनाहाइमच्या बागा अचानक वाळल्या. १८९२ मध्ये न्यूटन पिअर्स यांनी त्या रोगाचं वर्णन केलं आणि त्यांचंच नाव रोगाला लागलं. कारण मात्र १९७८ मध्ये कळलं. ते निघालं झायलेला फास्टिडिओसा, पाण्याच्या नलिकांत राहणारा जिवाणू. रस शोषणारे तुडतुडे तो एका वेलीतून दुसऱ्या वेलीत नेतात. नलिका तुंबतात आणि पानं कडेनं करपत जातात. १९९०च्या दशकाच्या अखेरीस एक नवा, मोठ्या आकाराचा तुडतुडा आला आणि टेमेक्युला खोऱ्यातल्या बागा उद्ध्वस्त झाल्या.

बर्कली विद्यापीठातले स्टीव्हन लिंडो यांनी या रोगाकडे पीएसजेएन वळवला. लिंडो हे नाव जिवाणूंच्या अभ्यासकांना जुनं आहे. पानांवर दव गोठवणाऱ्या जिवाणूतला तो गुण काढून टाकून त्यांनी १९८७ मध्ये बटाट्याच्या शेतात त्याची चाचणी घेतली होती. जनुकबदल केलेला जिवाणू उघड्या शेतात सोडण्याच्या जगातल्या पहिल्यावहिल्या परवानगीतला तो एक प्रयोग. त्यावरून खटले झाले, रोपं उपटली गेली. द्राक्षावरच्या कामात मात्र त्यांना जनुकबदलाची गरज पडली नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गटाच्या कामात पीएसजेएन दिलेल्या वेलींमध्ये झायलेलाची संख्या घटली आणि रोगाची लक्षणंही कमी झाली. लक्ष वेधणारी गोष्ट अशी की पीएसजेएन स्वतः वेलीत फार काळ मोठ्या संख्येनं टिकत नाही. म्हणून संशोधकांचा कल शत्रूला थेट मारण्यापेक्षा वेलीचा बचाव जागवला जाण्याकडे आहे. दोन्ही जिवाणू त्याच नलिकांतून वर चढतात. एकाच्या येण्यानं वेल वाळते, दुसऱ्याच्या येण्यानं सावध होते. हा फरक वेलीला नेमका कसा कळतो, यावर पुढचं बरंच संशोधन उभं राहील असं मला वाटतं.

आता नावांमागचं गंभीर कारण. पीएसजेएनचा एक दूरचा नातलग बर्खोल्डेरिया सेपेशिया. त्याची पहिली नोंद १९५० मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर बर्खोल्डर यांनी केली, तीही कांदा सडवणारा म्हणून. तोच जिवाणू सिस्टिक फायब्रोसिस झालेल्या रुग्णांच्या फुप्फुसात जीवघेणा संसर्ग करतो. एकेकाळी त्याच्या काही वाणांचा पिकांवर वापर होत होता, तो याच भीतीनं मागे पडला. पीएसजेएन त्या गटातला नाही, म्हणूनच वेगळी प्रजाती झाली. पण अशा जिवाणूला शेतात सोडण्याआधी परवानगी देणाऱ्यांनी दहादा विचार केला, तर त्यांना दिरंगाईचा दोष देता येणार नाही.

महाराष्ट्रात झायलेलाचा पिअर्स रोग ही आपली लढाई नाही. आपली लढाई ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतरच्या महिना-दीड महिन्याची आहे. पोंगा फुटून फुलोरा येईपर्यंत अवकाळी पाऊस आला, की डाऊनी घडासकट बाग घेऊन जातो. त्यामागोमाग भुरी, करपा. फवारणीचा ब्लोअर बागेत फिरतच राहतो आणि मग रेसिड्यूची, म्हणजे फळात उरणाऱ्या औषधाच्या अंशाची धास्ती. २०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षं अडकली ती क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकामुळे, बुरशीनाशकामुळे नव्हे. पण अंशाचा धडा सगळ्याच रसायनांना लागू झाला. माल निर्यातीला पाठवणाऱ्याला काढणीआधी औषध बंद करावंच लागतं आणि नेमक्या त्याच दिवसांत भुरीला मोकळं रान मिळतं.

या पोकळीत जिवाणूंना खरी जागा आहे. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी द्राक्षवेलींवरूनच बॅसिलस सबटिलिसचे वाण वेगळे काढले आणि २०१३ मध्ये दाखवलं की ते प्रोफेनोफॉस या कीटकनाशकाचं विघटन करतात. याचा अर्थ जिवाणू परदेशातून आणावाच लागतो असं नाही. आपल्या उन्हात, आपल्या खुंटावर टिकलेले वाण आपल्याच बागेत आहेत आणि त्यांचा शोध रांसइतक्याच चिकाटीनं घ्यायला हवा.

तोवर ‘जैविक’ म्हणून घेतलेली बाटली पाहताना एक गोष्ट तपासावी. बॅसिलस किंवा सुडोमोनास एवढंच नाव पुरेसं नाही. एकाच जातीतला एक वाण वेलीला जागवतो आणि दुसरा नुसता मातीत पडून राहतो, म्हणून लेबलवर वाणाची ओळख, जिवंत जिवाणूंची संख्या आणि मुदत ही तिन्ही हवीत. आणि ती बाटली मोरचूद किंवा बोर्डोच्या टाकीत कधीही मिसळू नये. तांबं रोगाच्या बुरशीला मारतं तसंच या जिवाणूंनाही मारतं.