पुन्हा स्टिअरिंगवर बसण्याआधी

अमेरिकेत ट्रकचालक, वैमानिक किंवा रेल्वेचालक अमली पदार्थ वा दारूच्या चाचणीत दोषी ठरला, की त्याला सुरक्षेशी निगडित कामावरून तत्काळ बाजूला केले जाते. दारूची मर्यादा आहे ०.०४. चाचणी नाकारणे हाही नियमभंगच.

परतीची वाट ‘सबस्टन्स अब्यूज प्रोफेशनल’ या पात्र तज्ज्ञाच्या दारातून जाते. तो चालकाला तपासतो, उपचार किंवा प्रशिक्षण ठरवतो आणि ते पाळले गेले का, हे पुन्हा भेटून पाहतो. त्याचा निर्णय पटला नाही म्हणून दुसरा तज्ज्ञ गाठण्याची मुभा नाही. त्यानंतर कामावर परतण्याची चाचणी. अमली पदार्थांसाठी लघवीचा नमुना निरीक्षकाच्या नजरेसमोर द्यावा लागतो. माणसाला हे अवघडच जाते, पण नमुन्यांची अदलाबदल टाळण्यासाठी ते केले जाते.

खरी कसोटी पुढेच. पहिल्या १२ महिन्यांत पूर्वसूचनेशिवाय किमान ६ चाचण्या होतात आणि हा पाठपुरावा ६० महिन्यांपर्यंत चालू शकतो. नोकरी बदलली तरी तो सुटत नाही. ट्रक-बसचालकांच्या नोंदी ६ जानेवारी २०२० पासून ‘क्लिअरिंगहाउस’ या केंद्रीय नोंदवहीत राहतात. १८ नोव्हेंबर २०२४ पासून तर प्रक्रिया अपुरी असलेल्या चालकाचा व्यावसायिक परवानाच राज्य काढून घेते.

सर्व पायऱ्या पार केल्या तरी मालकाने परत घेतलेच पाहिजे, असे नियम सांगत नाही. खर्च कोणी करायचा, हेही तो ठरवत नाही. पगार थांबलेल्या घराला ही बाब सर्वाधिक जाचते.