ग्रामसभेत बोला, तरच प्रश्न कागदावर येईल

वेरूळ : लेणी पाहायला आलेल्या पर्यटकांशी आपली माणसं न अडखळता बोलतात, पण ग्रामसभेत माईक हाती आला की घसा कोरडा पडतो. मग पारावर तासभर गाजलेला नळाचा प्रश्न प्रोसिडिंगमध्ये येतच नाही. कायद्यानुसार वर्षात किमान 4 ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्याआधी महिलांची वेगळी सभा. महिलांना बोलायची सवय तिथूनच लावता येते.

रीत सोपी आहे. आधी नाव आणि वस्ती सांगा. मग एकच प्रश्न, तो कधीपासूनचा आणि मागणी काय. चार ओळी लिहून घरी दोनदा मोठ्याने वाचा. शेवटी ‘हे प्रोसिडिंगला घ्या’ म्हणायला विसरू नका. नुसती तोंडी तक्रार विरून जाते. नोंदलेल्या मागणीचा पाठपुरावा करता येतो.