साठवणीची नाडीपरीक्षा

गेल्या उन्हाळ्यात माझ्या एका बाह्य हार्ड डिस्कचे वागणे बदलले. तिच्यात देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा तालुक्यांतील जुन्या घरांत टिपलेली मोडी कागदांची छायाचित्रे होती : महजर, सावकारी खतावण्या, घरगुती पत्रे. पूर्वी दोन सेकंदांत उघडणारे फोल्डर आता मिनिटभर वाट पाहायला लावी. दुरुस्तीच्या दुकानात सल्ला मिळाला, "काका, फॉरमॅट मारून टाका, नव्यासारखी होईल." मी डिस्क उचलून घरी आणली. तिच्यात एका वाड्याचे सबंध दप्तर होते. छायाचित्रे घेतल्यानंतर पुढच्याच वर्षी तो वाडा पाडला गेला आणि मूळ कागद भंगारात गेले. दुसऱ्या डिस्कवर प्रत होती, पण ती त्या दप्तराच्या आधीची. ते कागद आता जगात या एकाच जागी उरले होते.

मी संगणकशास्त्र शिकलेलो नाही. मोडी जशी स्वतः गिरवली, तसेच हेही गिरवावे लागले. जे हाती लागले ते इथे मांडतो. कारण घरातले जुने फोटो, आजीचा ध्वनिमुद्रित आवाज, स्वतःचे लेखन आज बहुतेकांनी अशाच एखाद्या डबीत ठेवले आहे.

संथ की आजारी?

१९५६ साली आयबीएमने आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजची डिस्क तळहातावर मावते, तरी चाल तीच आहे : फिरती तबकडी आणि तिच्यावरून, तिला न शिकता, सरकणारे वाचन-हेड. माझ्या डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, त्याआधी हेडला योग्य वर्तुळावर सरकावे लागते. दोन्ही मिळून साधारण १८ मिलिसेकंद धरू. एक गिगाबाइटची एकसंध फाइल सेकंदाला १०० मेगाबाइटच्या वेगाने दहा सेकंदांत वाचून होते. पण विखुरलेल्या २०,000 लहान फायली असतील, तर केवळ शोधाशोधीत सहा मिनिटे जातात. तेव्हा प्रत्येक संथपणा हा आजार नसतो. कधी तो नुसता पसारा असतो.

फरक कळण्यासाठी विंडोजमध्येच सोय आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील 'परफॉर्मन्स'मध्ये डिस्कवर टिचकी मारली की तीन आकडे पाहावेत : डिस्क किती टक्के वेळ गुंतलेली आहे, सेकंदाला किती मजकूर वाचला-लिहिला जातो, आणि एका मागणीला उत्तर द्यायला सरासरी किती मिलिसेकंद लागतात.

हे आकडे एकत्र वाचायचे असतात. डिस्क १०० टक्के गुंतलेली आणि वेगही भरपूर, तर ती राजरोस काम करते आहे. गुंतलेली आहे, वेग कमी आहे, पण उत्तर काही दहा मिलिसेकंदांत येते, तर तो लहान फायलींचा पसारा असू शकतो. मात्र डिस्क पूर्ण गुंतलेली, वेग शून्याजवळ आणि उत्तराचा काळ हजारो मिलिसेकंद, असे वारंवार दिसले तर सावध व्हावे. अशा वेळी हेड बहुधा एकच जागा वाचण्याचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत असते. त्याच ठिकाणचा 'रिसोर्स मॉनिटर' उघडला, तर ती कोणत्या फायलीपाशी अडली आहे तेही नावानिशी दिसते. माझ्याकडे ते नाव त्या वाड्याच्या दप्तरातील एका छायाचित्राचे होते.

डिस्कची स्वतःची नोंदवही

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. 'स्मार्ट' नावाची ही पद्धत १९९० च्या दशकात रूढ झाली. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम ती वाचून दाखवतो. त्या लांबलचक यादीतील तीन नोंदी आधी बघाव्यात. पाचवी नोंद निकामी ठरवून राखीव जागेवर हलवलेल्या सेक्टरांची. १९७ वी, वाचता न आलेल्या आणि निकालाची वाट पाहणाऱ्या सेक्टरांची. १९८ वी, तपासणीतही न वाचता आलेल्यांची. (हा प्रोग्रॅम आकडे सोळाच्या पटीतील पद्धतीने दाखवतो; तिथे १० दिसले की १६ समजावे.) १९९ वी नोंद वाढत असेल, तर दोष बहुधा केबलचा असतो, आधी केबल बदलून पाहावी. मी बदलली, फरक पडला नाही. १९७ व्या नोंदीत आकडा होता आणि दुसऱ्या दिवशी तो वाढला.

या नोंदींवर किती विसंबावे? गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिला दोष सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट निघाली. पण बंद पडलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी कोणतीच खूण आधी दाखवली नव्हती. बॅकब्लेझ या अमेरिकी साठवण कंपनीच्या पाहणीतही, बंद पडलेल्यांपैकी सुमारे ७७ टक्के डिस्कांनी पाच प्रमुख नोंदींपैकी एक तरी आधी दाखवली होती. उरलेल्या मुकाट्याने गेल्या. उष्णतेबद्दलचा गूगलचा निष्कर्ष आपल्याकडच्या उन्हाळ्यात राहणाऱ्यांना नवल वाटावा असा आहे : तापमान आणि बिघाड यांचे नाते समजले जाते तितके घट्ट आढळले नाही.

अर्थ असा, की नोंदवहीने धोका सांगितला तर विश्वास ठेवावा; 'सर्व ठीक' म्हटले तर निर्धास्त राहू नये.

मी आधी फक्त त्या वाड्याचे दप्तर नव्या डिस्कवर उतरवले, मग बाकीचे, महत्त्वाच्या क्रमाने. फॉरमॅट नाही, डिफ्रॅग नाही, दुरुस्तीचे प्रयोग नाहीत. आजारी डिस्ककडून होईल तेवढे वाचन एकदाच करून घ्यायचे. अडलेल्या फायली सोडून पुढे जात चार दिवस लागले. शेवटी ११ छायाचित्रे गेली. त्यांतली सात एका जमाखर्चाच्या वहीतली. त्या वहीत आता मधल्या तीन महिन्यांचा हिशेब नाही, आणि तो कधीच मिळणार नाही.

फायलीचे मोर्तब

डिस्क धडधाकट असूनही फाइल बिघडू शकते. नकलताना किंवा वीज गेल्यावर काही भाग चुकीचा उमटतो, आणि नाव, तारीख, आकार सारे जागच्या जागी दिसते. यावरची तोड मोडी पत्रे वाचणाऱ्याला ओळखीची वाटेल. जुन्या पत्राच्या शेवटी मोर्तबाचा लहान शिक्का असे : मजकूर इथे संपला, पुढे कोणी भर घालू नये. संगणकात फायलीच्या सर्व मजकुरावरून गणिताने ६४ चिन्हांचा ठसा काढता येतो. या रीतीला एसएचए-२५६ म्हणतात. छायाचित्रातला एक ठिपका बदलला तरी ठसा पार बदलतो. विंडोजमधील 'सर्टयुटिल' ही आज्ञा हा ठसा काढून देते. मी आता प्रत्येक दप्तरासोबत ठशांची यादी ठेवतो आणि नक्कल केल्यावर दोन्ही ठसे ताडून पाहतो. मोर्तब भर घालणाऱ्याला अडवी. हा ठसा गळतीही दाखवतो.

एसएसडीत फिरती तबकडी नसते. ती काही दशांश मिलिसेकंदांतच उत्तर देते. पण तिच्या पेशी लिहिण्याने झिजतात, अनेकदा ती आधी कुरकुर न करता एकदम बंद पडते, आणि दीर्घकाळ विजेविना ठेवली तर तिच्यातील विद्युतभार ओसरू शकतो. कपाटात वर्षानुवर्षे ठेवायच्या प्रतीसाठी ती भरवशाची नाही.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' १८९८ पासून छापली. मूळ कागदांना पुढे काहीही झाले, तरी छापलेला मजकूर अनेक ग्रंथालयांत पसरलेला राहिला. नाडी पाहून रोग कळतो, पण कागद तगतो तो प्रतीमुळे. म्हणून आता तीन प्रती आहेत : एक घरी, एक बुलढाण्यात मित्राकडे, एक मुलीकडे पुण्यात.

लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे वह्या पूजतात. त्या दिवशी मी तिन्ही प्रतींचा आढावा घेतो : डिस्कच्या नोंदी वाचतो, ठसे ताडतो, आणि प्रत्येक प्रतीतील चार-दोन फायली उघडून खरोखर वाचतो. पुण्याच्या प्रतीची पाळी फोनवरून होते. जेमतेम दीड तास लागतो. ते अकरा कागद मी याआधी असा दीड तास कधीच न दिल्यामुळे गेले.